सातपुड्याच्या बंगल्यात तीन रात्री

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
नवीन वर्षाचा संकल्प पक्का. दोन दिवस उशीर झाला, पण घाईत केलेले संकल्प टिकत नाहीत. २० तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मोहिनी म्हणाली होती, या वेळी काय करायचं ते आधी मला विचारा. विचारणारच होतो. तेवढ्यात सातपुड्यातल्या फॉरेस्टच्या बंगल्याचं बुकिंग मिळालं. १७ ते २०, तीन रात्री. इंग्रजांच्या काळातला लाकडी बंगला. लाइट नाही, नेटवर्क नाही, शेजार नाही. बायकोला सरप्राइज दिलं. ती उठून आत गेली आणि कपाट आवरायला लागली. भारावली असावी.

८ जानेवारी
जंगलाची ओढ माझ्यात मुळातच आहे. फैजपुरात बाथरूम फिटिंगचं दुकान टाकलं म्हणून दबून राहिली. चौदा खिशांचं जाकीट ऑनलाइन मागवलं. शिवाय दुर्बीण, टोपी, शिट्टी, पक्ष्यांचं पुस्तक.
संकल्प: पहाटे पाचला उठायचं. रोज दहा पक्षी ओळखायचे. स्वयंपाक चुलीवर आणि तो मीच करायचा, मोहिनीने बोटसुद्धा लावायचं नाही. शेजारच्या हार्डवेअरवाल्या मोतीलालने विचारलं, चूल पेटवता येते का? म्हटलं, माणसाने आगीचा शोध लावला तेव्हा त्याला कोणी क्लास लावला होता?

१२ जानेवारी
सराव म्हणून पाचचा गजर लावला. वाजला. म्हणजे गजर व्यवस्थित आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार, दुपारी १
पोचलो. जीपवाला सोडून परत गेला. बंगला अगदी मनासारखा. पुढे व्हरांडा, चारी बाजूंनी साग. नळ एकही नाही, हातपंप आहे. पस्तीस प्रकारचे नळ विकणाऱ्या माणसाला हे जरा लागलं. चौकीदार बिजला आणि त्याची बायको जमना मागच्या खोलीत राहतात. बिजला म्हणाला, साहेब, फिरायला जाल तेव्हा मला हाक मारा. मी नम्रपणे हसलो. वाटाड्या लागतो तो पर्यटकांना.

सायंकाळी ६.३०
चूल. लाकडं ओली असावीत. दीड तास फुंकलं. कापूर संपला. पक्ष्यांच्या पुस्तकाची शेवटची वीस पानं लावली, तिथे नुसती सूचीच होती. धुराने मला दिसेना, म्हणून मोहिनी बसली. पाच मिनिटांत पेटली. अर्थात मी लाकडं आधीच चांगली तापवून ठेवली होती. तिने वांगी भाजली आणि भरीत केलं. ते उत्तम झालं हे मान्य करायला हवं. वांगी मीच निवडून आणली होती.
जेवताना तिने एका पक्ष्याचा आवाज ओळखला. रातवा म्हणे. पुस्तकात शोधणार होतो, पण सूची जळून गेली होती. तुला कसं माहीत, असं विचारलं. म्हणाली, दहा वर्षांची होईपर्यंत मी अशाच जंगलातल्या चौकीत राहिले. सासरे फॉरेस्टमध्ये गार्ड होते हे मला ठाऊक होतं, पण ती सरकारी नोकरी झाली. त्यात घरचे लोक जंगलात राहतात हे मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "सांगितलं होतं. लग्नानंतर आठच दिवसांनी. तुम्ही मॅच बघत होतात."
असेल. त्या काळी मॅचेस महत्त्वाच्या असत.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळी ८.१०
पाचला उठलो नाही. जंगलात माणसाने निसर्गाच्या घड्याळाने चालावं. मोहिनी आणि जमना उजाडताच पाणवठ्याकडे जाऊन आल्या. बिबट्याचे ठसे पाहिले म्हणे. मला उठवलं का नाही? दोनदा उठवलं, असं कळलं. मी एकटाच निघतोय. एका तासात परत.

दुपारी २.३०, अंथरुणात
आधी एक स्पष्ट करतो.
हरवलो नव्हतो. वाटेने जागा बदलली होती. तीन तास फिरलो, मग नियमाप्रमाणे शिट्टी वाजवली. तीन-तीनदा. कोणी आलं नाही. नंतर बिजलाला जाब विचारला. तो म्हणाला, "शिट्टी ऐकली ना साहेब. पण ताई बोलल्या, ते पक्ष्यांशी बोलत असतील, मध्ये जाऊ नको." मी बंगल्याच्या मागे हाकेच्या अंतरावर होतो.
खरं संकट वेगळंच. परत येताना एका वेलीवर सोनेरी, मखमली शेंगा दिसल्या. इतकी सुंदर चीज मी दुकानाच्या कॅटलॉगमध्येही पाहिली नाही. म्हटलं, परवाच्या दिवसासाठी मोहिनीला यांचा हार करू. चौदाच्या चौदा खिसे भरले. चार शेंगा टोपीत खोचल्या. एक गालावरून फिरवून पाहिली.
अंगणात पोचेपर्यंत अंगाची आग आग. जमनाने मला पाहिलं आणि किंचाळली, "अरे देवा! बठ्ठी खाजकुयली शे ही!" म्हणजे सगळीच्या सगळी खाजकुयली.
मग तिने मला उघडा बसवून गळ्यापासून कमरेपर्यंत शेण लावलं. चेहऱ्यालाही. नेमके त्याच वेळी वनखात्याचे एक साहेब जीपने पाहणीला आले. मी बसल्या बसल्या नमस्कार केला. त्यांनी बिजलाला हळूच विचारलं, हे कोण? मोहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. तिचे खांदे हलत होते. पंचवीस वर्षांची सोबत, माझा त्रास तिला बघवला नाही.

सायंकाळी ५
साहेब भले गृहस्थ. फैजपुरात डॉक्टरकडे सोडतो म्हणाले. मी मोहिनीला म्हटलं, बॅग भर. ती म्हणाली, बुकिंग सोमवारपर्यंत आहे. मी म्हटलं, तू एकटी राहशील? ती म्हणाली, "एकटी कशी? जमना आहे, बिजला आहे. तुम्ही गोळी वेळेवर घ्या." तिच्या आत्मविश्वासाची जडणघडण माझ्याच सहवासात झाली, याचा अभिमान वाटला.

१९ जानेवारी, रविवार
घरी. दोन इंजेक्शनं. तोंड टाकीच्या फ्लोटसारखं गोल झालंय. मोतीलाल बघायला आला. त्याला सांगितलं, जंगलात थोडी झटापट झाली. कोणाशी, ते त्याने विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं.
संध्याकाळी मोहिनीने टेकडीवर चढून बिजलाच्या फोनवरून फोन केला. गोळी घेतली का, एवढं विचारलं. मी म्हटलं, उद्या दुपारी जीप पाठवतो. ती म्हणाली, नको. तिने बुधवारपर्यंत बुकिंग वाढवलंय. साहेबांनीच करून दिलं. उद्या काय आहे माहीत आहे ना, असं मी विचारलं. "आहे," ती म्हणाली. "म्हणून तर थांबले."
फोन कटला. नेटवर्कच असणार.
घर फार मोठं आहे हे आज लक्षात आलं.

२० जानेवारी, सोमवार, रात्री ८
सगळं लिहितो.
सकाळी ठरवलं, आपणच जायचं. केक घेतला, 'मोहिनी-हितेंद्र २५' असं लिहून. जीप ठरवली. खड्ड्यांत केक सांभाळताना 'हितेंद्र' पुसला गेला. तीन वाजता वनखात्याच्या नाक्यावर पोचलो. कुंदन नावाचा गार्ड होता. म्हटलं, बंगल्यावर जायचंय, माझं बुकिंग आहे. त्याने रजिस्टर पाहिलं. बुकिंग मोहिनी हितेंद्र चौधरी या नावाने, व्यक्ती एक. मी म्हटलं, तो हितेंद्र मीच. तो म्हणाला, असाल, पण भेटीला आलेल्यांना सहाच्या आत बाहेर पडावं लागतं.
मोहिनी व्हरांड्यात बोरं खात बसली होती. पायात चप्पल नाही, केसांत पळसाचं सुकं पान अडकलेलं. माझं तोंड पाहून आधी हसली, मग हाताने गाल वळवून नीट बघितला. उतरतंय म्हणाली. केक कापला. अर्धा जमना-बिजलाला दिला.
मग मी विचारलं. खरंच विचारलं. तुला काय करायचं होतं या दिवशी?
"हेच," ती म्हणाली. "बसायचं होतं."
मग तिने चौकीतल्या दिवसांबद्दल सांगितलं. आबा, म्हणजे सासरे, तिला खांद्यावर घेऊन पाणवठ्याला न्यायचे. एकदा अस्वलाने दाराशी ठेवलेला मोह खाल्ला आणि दिवसभर अंगणातच झोपलं. दीड तास मी मध्ये बोललो नाही. दोनदा बोलणार होतो, पण ओठ सुजलेले असल्याने जमलं नाही.
बाजेवर दोघं ऐसपैस बसलो होतो. म्हटलं, थांबतो मी पण. तिने घड्याळ पाहिलं. "साडेपाच झाले. निघा आता, सहाला गेट बंद होतं."
निघालो. नाक्यावर कुंदनने बाहेर पडायची वेळ लिहिली. 'भेटीचे कारण' हा रकाना मला भरायला सांगितला. पेन धरून बराच वेळ उभा राहिलो. मागे ट्रॅक्टर हॉर्न देऊ लागला. शेवटी कुंदननेच पेन घेतलं आणि लिहिलं: केक पोचवणे.