विश्रांतीचे वेळापत्रक

१४ जून
समोरच्या बार्लाने रिकाम्या गोठ्यात गवत पसरून प्रवाशांना झोपायला जागा द्यायला सुरुवात केली आहे. गवतावर! माणसांना! पाठीवर बोचकी घेऊन हिंडणारी ही तरुण मंडळी म्हणे आमच्या गावात 'रिलॅक्स' व्हायला येतात. आज आठ जण आले. मी मोजले नाहीत. खिडकी पुसताना दिसले.
बार्ला माझी विद्यार्थिनी. सातवीत भूगोलाच्या पेपरात तिने ऑस्ट्रेलिया आफ्रिकेला चिकटवून काढला होता. आता तिच्या गोठ्यात दोन ऑस्ट्रेलियन घोरत आहेत. मला हेवा वाटत नाही. फक्त नोंद ठेवते.

१६ जून
दुरी येऊन गेला. गावाची सगळी गुरे हाच सांभाळतो. माझाच विद्यार्थी. उद्या गुरे घेऊन वरच्या कुरणात जाणार, सप्टेंबरात खाली आणणार. उतरताना पुढची गाय ज्या दारात थांबते ते घर मानाचे, आणि तिच्या गळ्यातली मोठी घंटा वर्षभर त्या दारावर. एकतीस वर्षे ती आमच्याच दारावर आहे. आधी आई पाव घेऊन उभी राहायची, मग मी. गायी बदलल्या (हल्ली पुढे मोरेटा असते), दार बदलले नाही.
दुरी टोपी चुरगाळत म्हणाला, "बाई, रागावू नका, पण गेल्या वर्षी तुमच्या दारात माणसं किती होती? तुम्ही, पाद्रीबाबा आणि मांजर. मोरेटाला गर्दी आवडते. या वर्षी ती बार्लाकडे वळली तर मला बोल लावू नका."
विचारले, ठरवणार कोण, तू की गाय? म्हणाला, "गायच. मी ओढणार नाही आणि हाकलणारही नाही."
ठीक. गर्दी हवी तर गर्दी.

१७ जून
निश्चय: मीही पाहुणे ठेवणार. वरच्या दोन खोल्या, इस्त्रीच्या चादरी. बार्लाकडे नुसते गवत आहे, पद्धत नाही. विश्रांतीलाही शिस्त लागते. वेळापत्रक तयार केले:
साडेसहाला घंटा. सातला न्याहारी. सात चाळीस ते आठ पंचवीस बाकावर शांत बसणे. साडेआठला डोंगरांची नावे (तोंडपाठ). दुपारी एक ते दोन सक्तीची झोप. आणखी तेवीस सूचना मागच्या पानावर.
सुवाच्य अक्षरात लिहून दोन्ही खोल्यांत लावले.

२ जुलै
यश! दोन्ही ऑस्ट्रेलियन डोंगर हिंडून परतले आणि माझ्याकडे आले. बार्लाकडे आज जागा नव्हती हे कारण गौण आहे. त्यांतल्या उंचाचे नाव टॉड. त्याला जिन्यावर बूट काढायला लावले, सातवी सूचना मोठ्याने वाचायला लावली. उच्चार वाईट, पण मुलगा आज्ञाधारक.

३ जुलै
सक्तीच्या झोपेच्या वेळी दोघे खिडकीतून बार्लाच्या अंगणाकडे बघत होते. समज दिली. चारला बोचकी उचलून समोर गेले. टॉड म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे फार छान आहे, पण आम्ही सुट्टीवर आहोत."
हवा मानवली नसावी.

४ जुलै
टॉड परत आला! मी लगेच सूप चुलीवर ठेवले. तो मोजा विसरला होता. मोजा घेऊन गेला.

१९ जुलै
पाहुणे: शून्य. मांजरही तीन दिवस समोर मुक्कामाला आहे. मी हाक मारली तर तिने मान वळवून पाहिले आणि पुन्हा एका कोरियन मुलीच्या मांडीवर डोके ठेवले. सहा वर्षे दूध पाजले त्या जनावराला.
संध्याकाळी समोर हसण्याचे आवाज. कशाला हसतात ते ऐकू येत नाही. खिडकी उघडूनही येत नाही.

२० जुलै
बार्ला कुंपणापाशी आली. "बाई, डोळ्यांखाली किती काळं झालंय तुमच्या! झोप होत नाही का? या की एकदा, पडा आमच्या गवतात. लोक दहा-दहा तास उठत नाहीत."
तिला सांगितले की मला कॉलेजपासून चार तास पुरतात, झोप ही निव्वळ सवय आहे. (हल्ली तीनच. पण तिला कशाला सांगा.)
म्हणाली, "बघा बाई, जागा राखून ठेवते." टोमणाच तो.

२३ जुलै
नवा विचार. गर्दी हवी कशाला? ठरवणार गाय. मग थेट गायीशीच बोलावे. दर मंगळवारी वर कुरणात जाऊन मोरेटाला मीठ लावलेला पाव द्यायचा. अंगात नेहमी हाच निळा एप्रन. उतरायच्या दिवशी हाच एप्रन घालून दारात उभी राहीन. निळे दिसले की पाव, हे तिच्या डोक्यात पक्के बसले पाहिजे. सातवीच्या वर्गाला नद्या शिकवल्या, गाय म्हणजे काय!

२८ जुलै
चढ अडीच तासांचा. मोरेटाने पाव खाल्ला, एप्रनची नाडीही थोडी खाल्ली. दुरीने हटकले, "बाई, तुम्ही इथे कुठे?" सांगितले, वनस्पतींचा अभ्यास. म्हणाला, "खिशात पाव घेऊन?"
पूर्वीही आगाऊच होता.

१८ ऑगस्ट
चौथा मंगळवार. प्रगती उत्तम. मी टेकाडावर दिसताच मोरेटा धावत येते आणि तिच्यामागे सगळा कळप. खिशात तोंड घालते. इतकी हुशार विद्यार्थिनी मला चाळीस वर्षांत मिळाली नाही. बार्ला तर नाहीच.
गुडघे दुखतात. समोर आज अकोर्डियन. बारा पाहुणे.

१५ सप्टेंबर
आठवा आणि शेवटचा मंगळवार. मोरेटा आता एप्रन लांबूनच ओळखते. मी झाडामागे लपून पाहिले. तिने शोधून काढले. तयारी पूर्ण. निकालाची काळजी नाही.
बार्ला अंगणात लांब टेबले मांडते आहे. मांडू दे. मला कीव येते. तिचे ते बारा पाहुणे, ती टेबले, ते अकोर्डियन, आणि घंटा माझ्या दारावर.

१९ सप्टेंबर, सकाळी ८.४०
आज गुरे उतरणार. साडेअकराला गावात पोचतील. पहाटे तीनपासून ओव्हन चालू. अक्रोडाच्या चार टार्ट, कॉफी, गुराख्यांसाठी प्लमची दारू. दार धुतले, घंटेचा खिळा घासला. निळा एप्रन अंगात, पाव खिशात.
बार्ला पाहुण्यांना घेऊन गुरे बघायला वरच्या वळणापर्यंत गेली आहे. गोठा रिकामा, दार सताड उघडे. अजून वेळ आहे. शेजारीण म्हणून स्वच्छता एकदा पाहून घेणे माझे कर्तव्य आहे.

त्याच दिवशी, सकाळी ९.०५, बार्लाचा गोठा
वही सोबत आहेच. पाहणी: गवत ताजे. वास बरा. धूळ नाही (आश्चर्य). गवत टोचते का हे बसून कळत नाही. पाच मिनिटे आडवी होऊन पाहते. घड्याळ लावण्याची गरज नाही.

२० सप्टेंबर
काल काय झाले ते क्रमाने लिहिते.
जाग आली ती गालावर काहीतरी ओले, खरखरीत फिरले म्हणून. डोळे उघडले तर तोंडावर झुकलेला फुलांचा मुकुट, उतरायच्या दिवशी पुढच्या गायीला घालतात तो. मुकुटाखाली मोरेटा. तिने खिसा फाडून पाव काढला होता आणि आता उरलेली खारट बाजू शोधत होती. तिच्यामागे गोठ्यात सात गायी, अंगणात बाकीच्या, टेबलांमधून वाट काढत. त्यांच्यामागे दुरी, गुराखी, पाद्रीबाबा आणि सगळे गाव.
वेळ पावणेबारा.
टॉड (अजून समोरच मुक्कामाला) फोटो काढत होता. पाहुणे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटले, इथली प्रथाच असेल.
दुरी म्हणाला, "बाई, मी हात लावला नाही हं. तुमच्या दाराशी आली, वळून इकडे बघितलं, आणि जी सुटली ती सरळ आत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "निळं दिसलं तिला."
मी उठून उभी राहिले. केसांत गवत होते ते नंतर कळले. विचारले, नियम काय म्हणतो? मीच सांगितला. पुढची गाय ज्या दारात थांबेल त्या दारावर घंटा. बार्लाच्या दारावर खिळासुद्धा नव्हता. माझा घासलेला खिळा काढून आणून दिला.
टार्टही तिकडेच संपल्या. चांगल्या झाल्या होत्या, असे ऐकते.

२१ सप्टेंबर
बार्ला सकाळी घंटा घेऊन दारात. जड आहे, दोन्ही हातांनी धरली होती. "बाई, ही तुमचीच. मोरेटा तुमच्यासाठी आली, माझ्यासाठी नाही. मला लाज वाटते दारावर लावायला."
म्हटले, नियम म्हणजे नियम, गायीने उत्तर लिहिले ते तपासले गेले. ती तशीच उभी. डोळे भरले होते तिचे. सातवीत नापास झाली तेव्हाही अशीच उभी होती.
शेवटी म्हणाली, "बरं. पण बाई, तुम्ही किती गाढ झोपला होता! चाळीस घंटा वाजत आल्या, तरी जाग नाही. पाद्रीबाबा तर म्हणाले, असू दे, झोपू दे बिचारीला."
दार लावून घेतले.
दारावर खिळ्याचे भोक तेवढे राहिले आहे. वारा आला की तिकडून घंटेचा आवाज येतो. हलका.

२४ सप्टेंबर
तीन रात्री मिळून पाच तास झोप. इस्त्रीची चादर, शांतता, सगळे वेळापत्रकाप्रमाणे. काही कारण सापडत नाही.
बार्लाचे पाहुणे काल गेले, गोठा रिकामा आहे. त्या दिवशीची पाहणी अपुरी राहिली होती. अडीच तासांत काही निष्कर्ष निघत नाही. आज दुपारी एक वाजता जाऊन नीट करणार. बार्लाला तसे लेखी कळवले. तिने चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवले: "बाई, डावीकडचा कोपरा तुमचा. मांजर तिथेच असते."
एप्रन घरी ठेवून जाईन.