टेम्पो माझ्या नावावर

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

पुन्हा मेसेज. नारायणगावजवळ कॅमेऱ्याने टेम्पो पकडला, वेग जास्त. टेम्पो भगवंत चालवतो, दंड मला येतो. बाईच्या नावावर कर्जाचं व्याज कमी, म्हणून भावाचा टेम्पो माझ्या नावावर घेतला. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

त्याला म्हटलं, हळू चालव. आणि आधी लायसन काढ.

"आळेफाट्याच्या हॉटेलवाल्यांना मासळी ताजी लागती. बर्फाला सांगू का, दमानं वितळ म्हणून?"

आई मासे निवडत होती. हसली.

मी दंड भरते म्हटलं तर आबा म्हणाले, "येडी का काय तू? लोक अदालत लागली का निम्म्यात मिटतंय. समदी तेच करत्यात."

घरात लायसन माझ्या एकटीकडे. टेम्पोला मी हातही लावत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आरोग्यसेविकेच्या यादीत नाव आलं. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. आमच्यात याआधी शाळेची पायरी कुणी चढलेलं नाही. आईने अख्ख्या डिंभ्यात साखर वाटली.

मला मात्र एकच धास्ती — ते दंड पडताळणीत दिसतील? घोडेगावला जाऊन विचारलंच. तिथले पोलीस म्हणाले, "दंड म्हंजे गुन्हा न्हाई, ताई. कुणाला उडवलंत तर गुन्हा."

जीव भांड्यात पडला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उडवलं.

येडगावच्या फाट्यावर. जानकू नावाचे म्हातारे, सायकलवर होते. मांडीचं हाड मोडलं. भगवंत टेम्पो सोडून पळाला. आई शेजारी बसलेली, तीच म्हाताऱ्यांबरोबर दवाखान्यात गेली. मी तेव्हा घोडेगावात, नोकरीच्या कागदांच्या झेरॉक्स काढत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गुन्हा दाखल झाला. टेम्पोची मालक म्हणून सोमवारी मला बोलावलंय — कोण चालवत होतं ते सांगायला.

आबा म्हणाले, "म्हण, मी व्हते. तुझ्याकडं लायसन हाय. त्याच्याकडं न्हाई, मंग इन्शुरन्सवाले म्हाताऱ्याला काय देनार? आन् लेकरू आत जाईल."

मी कोण मग? नोकरीचं विचारलं.

"तू शिकलेली. परत परीक्षा दे."

भगवंत जेवत होता. ताटातून मान वर केली नाही. भात मात्र दोनदा मागितला.

आई एक शब्द बोलली नाही. तेवढाच आधार.

१६ नोव्हेंबर, रविवार

खरं तेच सांगणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ठाण्यात तोंड उघडायच्या आत हवालदार म्हणाले, "तुमच्या आईनं शुक्रवारीच सांगितलं. दवाखान्यात. लेक चालवत व्हती म्हणून."

"शुक्रवारीच?" मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"का, आई खोटं बोलली का?"

"नाही," मी म्हणाले.