दादाच्या रक्तातला आळस

१२ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हो-हो करतेस, म्हणून कागद. तुमच्या प्रयोगशाळेने आम्हा बहीणभावांची थुंकी नेली, घोट्याला पावलं मोजणारे पट्टे बांधले, तिथवर ठीक होतं. पण चालण्याची ओढ काही अंशी जन्मतःच येते, हे तुझ्या वडिलांना कशाला सांगितलंस? दादाच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झाले. डॉक्टरांनी बजावलंय, आता चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल. आणि दादा खुर्चीतून म्हणतो, माझ्या रक्तातच नाही, त्याला मी काय करू! मी विचारलं, मग मी काय शेजाऱ्यांचं रक्त घेऊन धावते? तर म्हणे, तुझे पाय कमी, जीभच जास्त धावते.

डोंगरातल्या वस्तीची माणसं आमच्या तिप्पट चालतात म्हणतेस. त्यांचं रक्त वेगळं का? मला काही उमगत नाही. दादाला एकदा स्पष्ट लिही, की ऊठ आणि चाल.

लोभ आहेच; वाढवायचा की नाही ते उत्तर वाचून ठरवीन.
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

एकाच वस्तीत कोणी जास्त, कोणी कमी का चालतं, त्यात जन्माचा वाटा अंदाजे सांगता येतो. पण दोन वस्त्यांमधला फरक रक्तामुळेच, असं म्हणता येत नाही. डोंगरात घरं वर आणि पाणी खाली. तिथे तूही तिप्पट चालशील.

आता माझा गोंधळ. तुझ्या पट्ट्यावर दिवसाला जेमतेम तीनशे पावलं आहेत. बाबांच्या पट्ट्यावर दोन हजार, आणि जवळजवळ सगळी अकरा ते एकच्या दरम्यान. पट्टे बदलले का गं? त्या वेळी घरात कोण असतं?

माया असू दे, जमल्यास थोडी बाबांवरही.
तुझी ठकू

२७ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

पट्टे बदललेले नाहीत. खराब होऊ नये म्हणून कामाला लागताना, बाहेर पडताना मी माझा काढून कपाटात ठेवत होते. हसू नकोस.

अकरा ते एक मी वाचनालयात असते. काल चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. खिडकीतून पाहिलं, तर दादा भिंत धरून येरझाऱ्या घालत होता. दोनदा झोक गेला. घामाने सदरा भिजलेला. मी आत गेले नाही. संध्याकाळी सहज विचारलं, माझ्यासमोर का चालत नाहीस? म्हणाला, पडायला हरकत नाही, पण पडल्यावर तुझं व्याख्यान नको.

पन्नास वर्षं मी त्याला आळशी म्हणत आले. हा आळस जन्माचा, सपाटीवर राहिल्याचा, की मी समोर असल्याचा? तुमच्या पट्ट्याला कळत असेल तर कळव. मला कळेनासं झालंय.

उद्या वाचनालय बंद. तरी मी अकराला बाहेर पडणार आहे. फाटकाबाहेर एक पायरी आहे. तिथे बसलं की आतून दिसत नाही, पण आत कोणी पडलं तर ऐकू येतं.

तुझा लोभ राहू दे. तूर्त मला तो लागेल.
आत्या