सोमवारी पांढरा, शनिवारी काळा

ती. व्यंकटमामांना,

सा. न. गुडघा बरा असेल असं धरून चालते. फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या सोमवारी तुमच्या कॉलनीत टँकर आला नाही, यासाठी तुम्ही पद्मजामामींसमोर सगळ्या शहराला नावं ठेवलीत. तो टँकर वाळूजला, आमच्या रंगाच्या कारखान्यात आला होता. तुमच्यामुळे.

आमचे मालक नानासाहेब तुम्हाला पत्रिका दाखवायला आले, तेव्हा तुम्ही सांगितलंत की ज्या वाराचा जो ग्रह, त्या दिवशी त्याच्याच रंगाची बॅच काढा. त्यामुळे आता सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी हिरवा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी परत पांढरा आणि शनिवारी काळा. टाकी मात्र एकच. (ग्रहांना स्वतंत्र टाक्या असाव्यात.) गडदावरून फिकटावर येताना प्रत्येक वेळी ती पिण्याच्या पाण्यानं धुवावी लागते. शनिवारच्या काळ्यानंतर सोमवारी धुतली, तर मिक्सरवरचा कडूबा आत वाकून म्हणाला, "म्याडम, ह्यो पांढरा नाय, चुलीतली राख हाय." परत धुतली. तो दुसरा टँकर तुमचा.

फिकटाकडून गडदाकडे गेलं की आठवड्याच्या चार धुण्यांची दोन होतात, काळ्यानंतरची तेवढी उरतात. हे मी नानासाहेबांना मांडून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, गणित लई बराबर हाय. पण ग्रह तुमच्या कॉलेजात शिकवीत नाय." (खरं आहे. केमिकलला हा विषय नव्हता.) लोक नळाची वाट पाहत दिवस काढतात आणि आम्ही तेच पाणी काळं करून सोडतो. मी सावकाश लिहिते आहे, म्हणून राग कमी आहे असं समजू नका.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
अंबिका

ता. क. : सोमवारचा पांढरा आणि शनिवारचा काळा राहू द्या, चंद्र आणि शनीबद्दल माझी तक्रार नाही. शुक्रवारचा पांढरा मंगळवारी आणा, बुधवारी पिवळा, गुरुवारी लाल, शुक्रवारी हिरवा. एवढं नानासाहेबांना तुमच्या तोंडून कळवा. कारण काहीही द्या, ते विचारणार नाहीत.

ता. क. २ : हे पत्र मामींनी आधी वाचलं आहे. तुम्ही कळवेपर्यंत घरातलं पाणीही वारानुसारच सोडायचं त्यांनी ठरवलं आहे. तुमच्या आंघोळीला शनिवार आला आहे.