स्वस्तातली सशाची किंकाळी

स्वेड कूली, पूर्व मोंटाना
फेब्रुवारी संपत आला, थंडी संपत नाही

माझ्या बायकोचे, म्हणजे लावोनचे, थोरले बंधू, आयडाहोतले नामांकित लामावाले श्रीयुत एमेट यांना धाकट्या मेहुण्याचा टोपी काढून नमस्कार. (टोपी लगेच परत घातली. इथे कान गळून पडतील अशी हवा आहे.)

तुमचा नवा गुडघा कसा आहे? जुन्यापेक्षा कमी कुरकुरतो म्हणे. आमच्याकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे, फक्त माझ्या खालच्या ओठाला सूज आहे, तिचं कारण पुढे येईलच. वहिनींना सांगा, त्यांनी नाताळात पाठवलेला आलुबुखाराचा मुरांबा संपला आणि बरणी धुऊन ठेवली आहे. पत्र लिहायला तसं विशेष काही कारण नाही. लामाशी, म्हणजे तुमच्या त्या बिनकुबडाच्या लोकरी उंटांशी, तर या पत्राचा काडीचाही संबंध नाही. लावोनने तुमच्याकडे एक लामा मागितलाय हे मला ठाऊक आहे, कारण तो फोन तिने स्वयंपाकघराचं दार लावून केला, आणि आमच्या घरात दार लावून बोललेलं तेवढंच नीट ऐकू येतं.

मेंढ्या लावोनच्या, हे तुम्ही जाणताच. गाई माझ्या, मेंढ्या तिच्या, कुत्रा ज्याच्या हातात बिस्किट असेल त्याचा. गेल्या वसंतात कायोटींनी, म्हणजे इथल्या रानकोल्ह्यांनी, तिची निम्मी कोकरं नेली. एका संध्याकाळी मी गोठ्यात गेलो, तर ती कोकरांच्या दुधाच्या बाटल्या धुऊन, पुसून, वरच्या फळीवर ठेवून देत होती. अजून महिनाभर त्या बाटल्या लागायला हव्या होत्या. मी पाय न वाजवता मागच्या मागे फिरलो, आणि खरं सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. (गोळ्यांचं कालवण होतं, तरीही.) तर या जानेवारीत तिने काट्याने बटाटा फोडता फोडता मला सांगितलं, "डेल्मार, कोकरं यायच्या आत या रानकोल्ह्यांचा बंदोबस्त कर. नाही जमलं तर एमेटकडून राखणीला लामा आणते."

आता लामाबद्दल माझ्या मनात काही नाही. उंच आहे, स्वच्छ आहे, कोल्हा दिसला की अंगावर धावून जातो, सगळं कबूल. पण एमेट, आम्हा ऑस्टबींच्या चार पिढ्यांनी या कूलीत, या घळीत, गाई, घोडे आणि कर्ज याखेरीज काही पाळलेलं नाही, आणि तुमचा लामा माझ्याकडे ज्या नजरेने बघतो (मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा त्याने मला दोनदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तिसऱ्यांदा थुंकला) ती नजर रोज सकाळी कॉफीच्या आधी सोसण्याची माझी ताकद नाही. शिवाय धान्याच्या कोठारापाशी आमचा कॉफीचा अड्डा असतो, तिथे शेजारचा हार्लन बिअर्की बसतो. पलीकडच्या गावात कुणी लामा आणला, तर हार्लन त्या गृहस्थाला आजतागायत 'सर्कसवाले' म्हणतो. म्हणून मी छाती काढून म्हणालो, "लामाबिमा काही नको. मी पिपाणीतून मरत्या सशाची किंकाळी काढतो, ते खायला धावत आले की बंदुकीने एकेकाचा निकाल लावतो."

पिपाणी घ्यायला मर्लच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. मर्लने आधी मला रिमोटवर चालणारा भोंगा दाखवला. त्यात सशापासून डुकराच्या पिल्लापर्यंत शंभर प्रकारची मरणं भरलेली आहेत, बटण दाबलं की हवं ते मरतं, आणि किमतीत माझ्या पिकअपची चारही चाकं नवी होतील. मी म्हटलं, गरिबाला परवडेल असं एखादं मरण दाखव. मग त्याने तोंडाने फुंकायच्या पिपाण्यांचा खोका काउंटरवर उपडा केला. लाकडाच्या, प्लास्टिकच्या, एक तर हरणाच्या शिंगाची, तिला मर्लने मला हातच लावू दिला नाही. त्यांत मुख्य जाती दोन. एकीची पाती, म्हणजे फुंकल्यावर थरथरून वाजते ती पट्टी, नळीच्या आत लपलेली असते. तुम्ही फक्त फुंकायचं, ससा आपोआप ओरडतो, पण तोच एक ससा, त्याच एका पट्टीत. दुसरीची पाती उघडी. ती ओठांत धरून दाबायची, ओठ टोकाकडे नेले की चिरका सूर, मागे घेतले की खर्ज, आणि हात बसला की त्याच पिपाणीतून ससा, हरणाचं पाडस आणि खुद्द कोल्ह्याची कोल्हेकुई सगळं निघतं. किंमत दोघींची जवळपास सारखीच, एका साध्या जेवणाइतकी.

मी विचारलं, "मर्ल, यातली चांगली कुठली?"

"वाजवणारा चांगला असेल तर कुठलीही."

"आणि वाजवणारा मी असेन तर?"

मर्लने एक पिपाणी माझ्यापुढे सरकवली. "मग बंद पातीची घे. तिच्यात बिघडवण्यासारखं काही नाही."

हा मर्ल शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता आणि नापास झाला होता, हे आपलं माहितीसाठी. घेतली बंद पातीची. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी उत्तरेच्या टेकडीवर सेजच्या झुडपाआड वारा तोंडावर घेऊन बसलो. पहिला ससा सुरेख मेला. दुसरा अर्ध्यात अडकला. तिसऱ्याच्या वेळी नुसतीच हवा. माझी थुंकी आत पातीवर गोठली होती. (हे मर्ल बोलला नव्हता. नंतर म्हणतो, तू विचारलं नाहीस.) मग पिपाणी काखेत घालून बसलो. काख गोठली. परत पिकअपमध्ये येऊन हीटरसमोर धरली, वितळली का बघायला जोरात फुंकली, तर आमचा कुत्रा टिपर, जो तोवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, तो माझ्या टोपीवरून मागच्या सीटवर गेला आणि घर येईपर्यंत पुढे आला नाही.

म्हणून पुन्हा मर्लकडे. या वेळी उघड्या पातीची घेतली, तिच्यावर गोठलेलं नखाने काढता येतं. मर्लने वर एक रबरी गोळी फुकट दिली. ती दाबली की उंदीर 'चूं' करतो. कोल्हा जवळ आला पण उघड्यावर यायला कांकूं करत असेल, तर शेवटच्या दहा पावलांसाठी ती उपयोगी. ही गोळी माझ्या कोटाच्या वरच्या खिशात राहिली, आणि तो माझा रविवारचाही कोट आहे. आमच्या चर्चमध्ये मध्येच उठून एकमेकांना शांती द्यायचा एक भाग असतो. आजवर आम्ही नॉर्वेजियन लोक तो लांबून हात हलवून उरकत आलो, पण नव्या पास्टरबाई कॅलिफोर्नियाच्या, त्या मिठी मारतात. त्यांनी मला मिठी मारली आणि उंदीर ओरडला. त्या दचकून दूर झाल्या, आणि मला सावरायला म्हणून शेजारी बसलेल्या मिसेस हेल्मस्टाडनी कोटाला धरलं, तर पुन्हा. या हेल्मस्टाडबाईंना गुडघ्यांमुळे दोघं धरून आणतात. त्या एकट्या बाकावर चढल्या. लावोन पूर्ण वेळ भजनाच्या पुस्तकात बघत होती, पुस्तक उलटं होतं.

पण खरा प्रश्न तालमीचा. उघडी पिपाणी हात बसल्याशिवाय बोलत नाही, आणि बोलली तर भलतंच बोलते. पहिल्या संध्याकाळी बैठकीत बसून वाजवली. लावोनने विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "या घरात एक तर तो ससा मरेल, नाहीतर तू." तेव्हापासून रोज जेवणाआधी तासभर मी अवजारांच्या शेडमध्ये तालीम करतो. मेंढ्यांचं आवार तिथून हाकेवर आहे, पण मेंढ्या काही बोलत नाहीत. ओठ सुजला तो याच साधनेत. आता माझा ससा असा मरतो की माझ्याच डोळ्यांत पाणी येतं.

गेल्या गुरुवारी कोल्हेकुई घेऊन बाहेर पडलो. हद्दीच्या कुंपणापाशी बसून एक लांब सूर सोडला. आणि एमेट, पलीकडून उत्तर आलं! जाड, म्हातारा, जरा दम्याचा आवाज. मी सोडला, त्याने सोडला. मी पोटावर पडून सरकायला लागलो. तो जागचा हलतोय हे आवाजावरून कळत होतं, तोही माझ्याकडे येत होता. बर्फ गळ्यातून आत, निवडुंगाचे काटे दोन्ही गुडघ्यांत, पण मी मनात लावोनच्या बाटल्या फळीवरून खाली काढत होतो. शेवटच्या झुडपाआडून हळूच डोकं वर केलं. समोर जांभळ्या फुलांच्या पांढऱ्या चादरीतून हार्लन बिअर्कीने डोकं वर केलं. (ती चादर त्याच्या बायकोच्या लग्नातली आहे. बर्फात दिसू नये म्हणून. फुलं दिसत होती.)

त्याने बंदूक खाली ठेवली. मग तो म्हणाला, "तू होतास होय? मला वाटलं गाय अडलीये."

"मग गाय सोडवायला बंदूक घेऊन आलास?"

"तुझा आवाज ऐकून वाटलं, तिला आता सोडवण्यात अर्थ नाही."

तिथेच बर्फात बसून त्याच्या थर्मासमधली कॉफी प्यालो. तो पिपाणी घेऊन का हिंडतोय ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही नाही. लामाचा विषय निघाला तेव्हा तो जरा जास्तच मोठ्याने हसला. पण निराश होण्यासारखं काही नाही. माझा हात आता बसत आलाय. कोकरं यायला अजून तीन आठवडे आहेत आणि पुढच्या आठवड्यात फत्ते होणार यात मला शंका नाही. गुडघ्याला जपा. वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा,
डेल्मार

ता. क. आता सहज आठवलं म्हणून लिहितो. लावोनचा परत फोन आला तर लामाला पडसं झालंय असं सांगाल का? किंवा तो लंगडतोय. किंवा त्याला मेंढ्या आवडत नाहीत. तुम्ही लामावाले, तुम्हाला शोभेल ते सांगा, मी तुमच्याच बाजूने बोलेन. गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून होती.

ता. क. दुसरा. रस्ता बर्फाने बंद होता म्हणून पत्र इथेच पडून राहिलं. आज सकाळी लावोन आत आली, बूट न काढता, आणि मला बाहीला धरून शेडच्या मागे घेऊन गेली. ताज्या बर्फात कोल्ह्यांची पावलं होती. मागच्या भिंतीपाशी पावलं थांबली होती, आणि तिथे बर्फात बसक्या, गोल खळग्यांची ओळ होती. शेपटीची खूणसुद्धा. ते बसून ऐकत होते, एमेट. आम्ही जेवायला जातो तेव्हा ससा गप्प का होतो याचा शोध घ्यायला ते मग पुढे गेले असणार, कारण तिथून पावलं सरळ मेंढ्यांच्या आवाराकडे गेली होती. या अंगणात ते आजवर कधी आले नव्हते. सहा आठवडे रोज संध्याकाळी मीच त्यांना जेवायला हाक मारत होतो. लावोनने बाटलीवर वाढवलेल्या म्हाताऱ्या मेंढीची मागची तंगडी फाडलीये. टाके घातलेत, जगेल म्हणतात, तिचं पोटातलंही. लावोन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वरचा ता. क. रद्द. लामा पाठवा, आणि या शनिवारीच पाठवा. (इथे मी आधी लिहिलं होतं की तुम्हीच आग्रहाने पाठवताय असं तिला सांगा. ते खोडलंय.) मी मागितला असंच सांगा. हार्लनला काय म्हणायचं ते म्हणू दे. पिपाणी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीये.

एमेट, पाकीट चिकटवायला डेल्मारने माझ्याकडे दिलं, म्हणून मी वाचलं. लामा दोन पाठव, दोन वेगळ्या गाड्यांत, कारण दोघे एकत्र आले तर आपसातच रमतात आणि मेंढ्यांकडे बघत नाहीत असं तूच सांगितलं होतंस. खिळ्याला टांगलीये ती बंद पातीची. उघडी घेऊन तो आज संध्याकाळी तालमीला हार्लनच्या कुंपणापाशी गेलाय. आत्ताच हार्लनच्या बायकोचा फोन येऊन गेला, दुसरा लामा तिच्या मेंढ्यांसाठी.
लावोन