नांदेडात वाढून राहिलेलं माझं पोट

मुरुड

ती. रत्नम्माक्कास,

धाकट्या उमाशंकरचा शरणू शरणार्थी. साष्टांग मनातल्या मनात समजून घे, कारण पोटाला टाके आहेत आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. (सासुरवाडीला हे आधीच कळवलं आहे.) दाजींचा गुडघा कसा आहे? उदगीरला नळाला पाणी येतं की नुसता आवाज? इकडे सगळे खुशाल, फक्त अव्वाने अन्न सोडलं आहे. मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही, म्हणून फोन न करता लिहून राहिलो.

आमच्या अंजूच्या लग्नाचे फोटो तू पाहिलेसच. त्यात नवरदेव कमी आणि माझं पोट जास्त आहे. आता तिच्या भावाचं, सुदर्शनचं लग्न तोंडावर आलं, तर तुझ्या भावजयीने, शिवकांताने मला नांदेडला नेऊन पोटाची लोंबती झोळी कापून घेतली. (गावात हर्निया सांगितलं आहे. तूही हर्नियाच सांग.) आपरेशनच्या आधी तिथल्या आरती मॅडमनी विचारलं, कापलेला तुकडा संशोधनाला द्याल का? भाजलेल्या माणसाची आकसलेली कातडी मऊ करायला चरबीतल्या पेशी कामी येतील का, हे त्या शोधून राहिल्यात. म्हटलं, घ्या. दुकानातला फुटका गूळ आपण गाईला घालतोच की.

टाके दाखवायला गेलो तेव्हा अव्वा सोबत होती. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, तुमच्या पेशी फार छान वाढून राहिल्यात. मी खाली बसलो. अक्का, एवढे हाल सोसून काढून टाकलेलं पोट तिकडे उबदार कपाटात पुन्हा वाढत होतं (आणि घरी मला अर्धी भाकर). अव्वाने मात्र एकच विचारलं, "जित्तं हाय म्हनता, तर खायाला काय घालता त्याला?"

मॅडम बिचाऱ्या खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, वासराच्या रक्तातून काढलेलं पिवळं पाणी.

तू आपलं घर जाणतेस. केकच्या खोक्यावर हिरवा ठिपका दिसल्याशिवाय तो आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही. अव्वाने तिथेच जाहीर केलं, लेकाचा तुकडा बाटत असेल तर मीही अन्नाला शिवणार नाही. मी समजावलं की तो तुकडा म्हणजे आता मी नव्हे. "मग कोन हाय? मी जल्माला घातलेलं न्हाई का ते?" शेवटी मी म्हटलं, बंदच करून टाका. त्यावर तिने सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं विचारलं, "मारतुस व्हय त्याला?"

म्हणजे मारायचं नाही आणि वाढायचंही नाही. मॅडमनाच दया आली. म्हणाल्या, माणसाच्या रक्तातूनही असं खाणं करता येतं. अव्वाने पदर सावरला, विचार केला आणि म्हणाली, मानसाचं चालतंय. मी दुसऱ्यांदा बसलो. "असा काय बघतुस? मानूस मांसाहारात येतोय व्हय?" फक्त अट घातली, रक्त देणारा घरचा आणि शुद्ध शाकाहारी पाहिजे. मॅडमनी वरच्यांना विचारून होकारही आणला. ते लोक आता अव्वाला आमच्यापेक्षा जास्त घाबरतात.

माझं रक्त टाक्यांमुळे घेत नाहीत. शिवकांताच्या अंगात तिला पुरेल एवढंच आहे. सुदर्शनला विचारलं तर त्याने पुण्यातल्या एका मटणाच्या खानावळीचं नाव घेतलं आणि अव्वाला सांगू नका म्हणाला. असो. सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
उमाशंकर

ता.क. दाजींना लगेच नांदेडला पाठव. गुडघ्याचा आणि रक्त देण्याचा संबंध नाही, मी विचारून घेतलं आहे. दाजी घरात काय खातात ते आपल्याला माहीत आहे. बाहेर काय खातात ते मात्र विचारू नकोस. अव्वाला जेवायचं आहे.

ता.क. दुसरा. दाजी येणार असं मी आताच तिला सांगून टाकलं आणि ती भाकर-वरण जेवली. हात धुऊन लगेच मॅडमना फोन लावला, "जेवला का त्यो?" मी समोरच बसलो होतो. मला विचारलं नाही. दाजींबरोबर शेंगाच्या पोळ्या पाठव आणि डब्यावर माझं नाव लिही, नाहीतर त्याही नांदेडला जातील.