फोलाशादेचं पूर्ण नाव लिही

प्रिय मुग्धा,

तू विसरली असशील, म्हणून आधी ओळख सांगते. मी तुझी आजी. अल ऐनला तुझ्या बाबाकडे राहते, वय एक्याऐंशी, दात सात. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतेस. आवाज भरून पाठवला तर तो दीडपट वेगाने ऐकतेस, हे मला तुझ्या बहिणीने, चारूने सांगितलं. म्हणून आता कागद. मी सांगतेय आपल्या मालवणीत आणि समोरच्या फ्लॅटमधली कुलसुम लिहितेय तिच्या श्रीवर्धनच्या शाळेतल्या मराठीत. माझ्या शिव्या ती गाळतेय, हे तिचं पेन मध्येच थांबतं त्यावरून कळतंय. तेव्हा जिथे वाक्य फार सभ्य वाटेल, तिथे तुझं तू भरून घे.

काल कुलसुम माझ्यासाठी चहा ठेवत होती. सांडशी शोधायला तिने खण उघडला, तर लाटण्याखाली चार घड्या घातलेला एक कागद. तुझ्या सहीचा. मला सांभाळणाऱ्या फोलाशादेला हॉस्पिटलसाठी तू दिलेलं शिफारसपत्र. ते खणात कशाला, असं मला वाटलं. सोमवारी सकाळी साडेनऊला तिचा इंटरव्ह्यू, तिच्या देशात ती नर्सच होती, इथे इतकी वर्षं रात्रीचा अभ्यास करून इथलीही परीक्षा पास झाली, आणि पत्र लाटण्याखाली? कुलसुमला म्हटलं, वाच. तिने वाचलं, मग मराठीत सांगितलं, आणि चहा उतू गेला तरी आम्ही दोघी तशाच उभ्या.

“फ्लोरा ही योरुबा नावाच्या आफ्रिकन ट्राइबमधली साधी, आज्ञाधारक बाई आहे. कामापुरतं इंग्रजी आणि एक लोकल डायलेक्ट बोलते. इतकी नम्र, की मोठ्या माणसांसमोर गुडघे टेकते.” आठवतंय का गो लिहिलेलं? की तेही मीटिंगमध्येच लिहिलंस?

पहिलं म्हणजे फ्लोरा कोण? ह्या घरात फ्लोरा नावाचं कोणी नाही. तीन वर्षं तिने मला न्हाऊ घातलं आणि तुला चार अक्षरं तोंडात बसवता आली नाहीत! तुला म्हणे सोपं पडतं. तिच्या परीक्षेच्या कागदावर फोलाशादे आणि तुझ्या पत्रात फ्लोरा, मग हॉस्पिटलवाले विचारणार नाहीत, ही दुसरी बाई कुठून आणली? तुझं नाव बारशाला ठेवलं, मी स्वतः तुझ्या कानात सांगितलं. तिचं आठव्या दिवशी ठेवलं, मध चाटवून, मीठ चाटवून, सगळी भावकी जमवून. मान हाच जिचा मुकुट, असा त्या नावाचा अर्थ. मुकुट उतरवून तू तिच्या डोक्यावर फुलदाणी ठेवलीस.

आणि ट्राइब? अगो, ती भाषा बोलणारी माणसं चार कोटींच्या वर आहेत, कुलसुमने फोनमध्ये बघितलं. आम्ही मालवणी बोलणारे त्या मानाने मूठभर. उद्या तुझ्या ऑफिसात कोणी लिहिलं, मुग्धा ही मालवणी टोळीतली साधी, आज्ञाधारक बाई, तर चालेल का तुला? तू जिला डायलेक्ट म्हणतेस त्या भाषेत कोणी बसलं असलं तर त्याला वेगळा नमस्कार आहे, काम करत असलं तर वेगळा, बाहेरून आलं तर आणखी वेगळा. आपल्या ‘तुम्ही’सारखं मोठ्यांना वेगळं बोलतात. मला इया आग्बा म्हणते, म्हणजे मोठी आई. तू मला ग्रॅनी म्हणतेस.

गुडघ्यांचं ऐक. ती पहिल्या सकाळी आली, दारात गुडघ्यांवर बसली आणि “ए कारो” म्हणाली. मला वाटलं, तिचं कानातलं पडलं. मीही काठीने पलंगाखाली चाचपायला लागले! मग कळलं, हा त्यांचा मोठ्यांना नमस्कार. तिच्या गावाहून, अबेओकुटाहून तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला तरी स्वयंपाकघरात फोनपुढे गुडघे टेकते. चतुर्थीला तुझा बाबा माझ्या पाया पडतो, तो काय माझा आज्ञाधारक नोकर? तो तर साधा गॅससुद्धा बंद करत नाही.

मीही काही फार मोठी लागून गेले नाही. पहिले आठ दिवस तिच्या हातचं पाणी पीत नव्हते, माझं फुलपात्र बाजूला ठेवायला लावलं होतं. तिला सगळं कळलं. ती रोज ते फुलपात्र माझ्यासमोर घासून उपडं ठेवायची. नवव्या दिवशी मलाच लाज वाटली. तिने चवळीचे वडे तळले होते, त्यांच्यात त्याला आकारा म्हणतात. मी मागून खाल्ले. पाच.

आणि आज्ञाधारक? गेल्या रमजानात मला चक्कर येत होती ते आठवतं? तू फुलं पाठवली होतीस. हिने दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. गोळ्यांची नावं निराळी, आत औषध एकच, आणि मी दोन्ही गिळत होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, तू केअरटेकर आहेस, मध्ये बोलू नकोस. ही ताठ उभी राहून म्हणाली, मी नर्स आहे, आणि ही गोळी आज मी देणार नाही. त्याने चिठ्ठ्या परत बघितल्या आणि एक खोडली. हॉस्पिटलला असली बाई हवी, की गुडघे टेकणारी? हे पत्रात कुठे आहे?

तिने तुझं पत्र वाचलं, “मुग्धाला थँक यू सांगा” एवढंच म्हणाली आणि मला न कळत ते खणात टाकलं. काल संध्याकाळी विचारलं, तर म्हणते, पत्राशिवायच जाणार. तिचा व्हिसा तुझ्या नावावर, त्यामुळे हॉस्पिटलात तुझीच सही लागते. माझा अंगठा चालला असता, तर तुला कोणी विचारलं नसतं.

आता मी एवढी का तापले, ते सांगते. गेल्या दिवाळीत तुझ्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरी मी करंज्यांबद्दल काही बोलत होते. तुझ्या मैत्रिणीने विचारलं, ग्रॅनी काय बोलते? तू हसून म्हणालीस, “ओह, जस्ट सम डायलेक्ट.” इंग्रजी येत नसलं तरी माझ्याबद्दल चाललंय हे मला कळतं. येताना गाडीत फोलाशादेला विचारलं, डायलेक्ट म्हणजे काय? ती बाहेर वाळूकडे बघत म्हणाली, “इया आग्बा, मेरी भाषा को भी यही बोलते हैं.” तेव्हा मी तुला काही म्हटलं नाही. माझं मी गिळलं. तिचं मी गिळणार नाही. काल कुलसुमच्या तोंडून तोच शब्द आला आणि सही माझ्या नातीची. सोमवारी तिला नोकरी लागली, तर माझे गुडघे चोळायला ह्या घरात कोणी उरणार नाही, ते मला ठाऊक आहे. तरी पत्र नव्याने लिही. पूर्ण नाव घाल. योरुबा ही भाषा आहे, असं लिही. गोळ्यांची हकिगत लिही. कुलसुमचा मुलगा याकूब हे पत्र घेऊन आलाय, तो तुझ्या इमारतीखाली गाडीत बसलाय. तुझी सही घेतल्याशिवाय हलायचं नाही, अशी त्याला ताकीद आहे.

तुझीच, आणि आज तुझ्यावर पुष्कळ रागावलेली,
आजी
(अंगठा शाईचाच आहे, लोणच्याचा नाही.)

ता. क. याकूब परतताना तुमच्याकडच्या देरा बाजारावरून येणार आहे, तू तिथपर्यंत त्याच्याबरोबर जा. तिथे तिच्या मुलखातल्या लोकांचं दुकान आहे. आपल्या कणगीसारखा कंद सुकवून करतात ते पीठ दोन किलो घे आणि लाल पामतेलाची एक बाटली. रविवारी तिला त्या पिठाचा, आमाला नावाचा त्यांचा पदार्थ करून घालायचा आहे, नाचणीच्या उकडीसारखा काळपट होतो. दुकानात आफ्रिकन पीठ म्हणून मागू नकोस. एलुबो म्हण. नीट म्हणता येईपर्यंत दारातच उभी राहा.